सुलक्षणा आंब्रेची सही आणि बावीस कॅमेरे

सुलक्षणा आंब्रे लोकांना पहिल्यांदा भेटते तेव्हा बहुतेक वेळा ती वर असते आणि लोक खाली. कधी शिडीवर, कधी मचाणावर, कधी कात्रीसारख्या उघडत वर जाणाऱ्या लिफ्टवर. पिवळं जाकीट गुडघ्यापर्यंत, हेल्मेटखालून वेणीचं टोक बाहेर डोकावतंय. खालून कुणीतरी विचारतं, इन्स्पेक्टर कुठे आहेत? वरून उत्तर येतं, मान वर करा.

पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला जन्मभर मान वर करूनच बोलावं लागतं, म्हणून मी असा धंदा निवडला की ती पाळी दुसऱ्यांवर यावी, असं ती सांगते. हे खरं नाही, पण तिला सांगायला आवडतं, आणि ती सांगते इतकं झोकात की ऐकणाऱ्याला खरं मानावंच लागतं.

नावाच्या बाबतीतही तसंच. स्कॉटलंडात आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच लोकांनी तिला ‘सू’ करून टाकलं होतं. तिने कुणाशी वाद घातला नाही. ‘सू’ म्हणून हाक आली की तिला ती ऐकूच यायची नाही. तिचा बॉस डुगल, साठीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. पुढे ती त्याच्याकडे कामाला लागली तेव्हा त्यालाही पंधरा दिवस लागले, पण सोळाव्या दिवशी त्याने ‘सुलक्षणा’ असं अख्खं म्हटलं आणि तिने लगेच वळून पाहिलं. तेव्हापासून फर्ममध्ये कुणाला दुसरं काही म्हणायची हिंमत झाली नाही.

काम काय करते, हे सांगताना मात्र तिला जरा वेळ लागतो. एडिनबराच्या मराठी मंडळात सगळे एकतर बँकेत, नाहीतर युनिव्हर्सिटीत, नाहीतर हॉस्पिटलमध्ये. नवरा परीक्षित एका मोठ्या बँकेच्या रिस्क विभागात. त्याच्या कामाबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. तिला मात्र प्रत्येक गणपतीत कुणीतरी पुन्हा विचारतं, तू कॅमेरे बसवतेस ना गं?

ती कॅमेरे बसवत नाही. तपासते. आणि तेही साधे नाहीत. काही जागा अशा असतात की जिथल्या हवेलाच पेटायची खोड असते. रंगाचे कारखाने, तेलाचे डेपो, दारूच्या भट्ट्या. तिथे लक्ष ठेवायला कॅमेरा तर हवा, पण साधा कॅमेरा लावणं म्हणजे भुसाच्या कोठीत काडी पेटवून बघणं, की भूस किती उरलाय. म्हणून तिथला कॅमेरा जाड धातूच्या डब्यात असतो, बारा-तेरा किलोचा, पुढे बोटभर जाडीची काच, मागे बोल्टांनी आवळलेलं झाकण.

“म्हणजे गॅस आत शिरतच नाही,” ऐकणारा समजूतदारपणे म्हणतो.

इथे सुलक्षणाचे डोळे चमकतात. शिरतो, ती म्हणते. आज ना उद्या शिरणारच. आणि आत एखादी ठिणगी पडली तर आत भडकाही उडेल. डब्याचं काम तो भडका आतल्या आत सोसायचं. झाकण आणि डबा यांच्यात एक फट असते, केसाहून थोडी जास्त. भडक्यातला तापलेला वायू त्या लांबट अरुंद फटीतून घासत बाहेर पडतो, आणि पडेपर्यंत इतका गार होतो की बाहेरच्या हवेला पेटवू शकत नाही. फट जास्त रुंद झाली की संपलं. काही शहाणे पाणी जाऊ नये म्हणून ती सिलिकॉनने बुजवतात, तेही चूक.

तिच्या सासूबाईंना, प्रमोदिनीबाईंना, हे सगळ्यांत आधी कळलं. त्या दरवर्षी उन्हाळ्यात सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतात. ऐकून त्या म्हणाल्या, “म्हणजे एकत्र कुटुंबासारखं. भांडण होणारच. बाहेर जाईपर्यंत गार झालेलं असलं म्हणजे झालं.”

सुलक्षणा आता ट्रेनिंगला आलेल्या स्कॉटिश पोरांना हेच सांगते. सासूबाईंचं नाव घेऊन सांगते.

ती मूळची चिपळूणची. पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, मग तिथल्याच एमआयडीसीत सॉल्व्हंटच्या कारखान्यात चार वर्षं मेंटेनन्स. लग्न झालं, परीक्षितच्या व्हिसावर एडिनबरा. डिप्लोम्याला इथे कुणी विचारेना, म्हणून एका कंत्राटदाराकडे केबलींना लेबलं लावायचं काम धरलं. आठ महिने लेबलं लावली. त्या आठ महिन्यांत दोनशे चुकीच्या जोडण्या शोधून वहीत लिहिल्या आणि वही साहेबाच्या टेबलावर ठेवली. साहेबाने ती वही आपल्या ओळखीच्या डुगलला दाखवली, आणि डुगलने तिला मागून घेतलं. पुढे संध्याकाळचे कोर्स, परीक्षा, आणि नऊ वर्षं दुसरी सही. म्हणजे तपासणार ती, पण तिच्या सहीखाली डुगलची सही झाल्याशिवाय कागद पुरा व्हायचा नाही. यंदाच्या ऑगस्टात डुगलने तिला एकटीने सही करायचा अधिकार दिला. एवढ्याशा फर्ममध्ये असे तिघेच. त्या संध्याकाळी तिने परीक्षितला भात लावायला सांगितला आणि सोफ्यावर पाय वर करून बसली. एवढाच सोहळा.

ऑक्टोबरात पहिलं मोठं काम आलं. खाडीपलीकडे फाइफमध्ये एक जुनी व्हिस्कीची डिस्टिलरी, सहा आठवडे डागडुजीसाठी बंद. आत बावीस कॅमेरे. सोमवारी सकाळी सहाला भट्टी पुन्हा पेटणार, त्याआधी बावीसही कॅमेऱ्यांवर तपासून सही हवी.

डुगलने कॅलेंडर न बघताच बुधवारपासून सुरू करायला सांगितलं. सुलक्षणाने सांगितलं, बुधवारी नाही, गुरुवार आणि शुक्रवार. बुधवारी खंडेनवमी. चिपळूणच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रं बंद असायची, मोटारींना झेंडूचे हार घालायचे, पाना-पक्कड पाटावर ओळीने मांडायची आणि मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांना एकेक पेढा. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याचा तो विसाव्याचा दिवस. इथे आल्यापासून एकही वर्ष तिने हे चुकवलं नव्हतं, आणि डुगलनेही आता कॅलेंडरवर त्या दिवशी ‘सुलक्षणाची हत्यारं सुट्टीवर’ असं लिहून ठेवायला सुरुवात केली होती.

यंदा पूजा प्रमोदिनीबाईंनी मांडली. त्यांची जन्मभराची नोकरी सांगलीच्या आयटीआयमध्ये, शिवणकला शिकवायची. हत्याराची पूजा म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको. चौरंगावर स्वतःची कात्री, बाजूला सुनेची हत्यारं. ठरल्या जोराने बोल्ट आवळायचा टॉर्क पाना, टॉर्च, केसाचीही जाडी मोजणारा मायक्रोमीटर आणि फीलर गेज. फीलर गेज म्हणजे पोलादी पातळ पात्यांचा जुडगा, जपानी पंख्यासारखा उघडणारा. प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली. प्रमोदिनीबाईंना ते फार आवडलं. त्यांनी पंखा उघडला आणि एकेका पात्याच्या टोकाला बोटाने कुंकू लावलं. सुकं कुंकू पोलादावर टिकत नाही, म्हणून बाटलीतलं ओलं घेतलं, कपाळाला लावायचं, मेणासारखं वाळणारं. मग पंखा मिटून ठेवला.

गुरुवारी सकाळी साइटच्या पार्किंगमध्ये सुलक्षणाने पंखा उघडला, कपड्याला स्पिरिट लावून एकेका पात्याचं कुंकू पुसलं आणि वर चढली.

कामाची पद्धत सोपी आहे. या कॅमेऱ्यांच्या झाकणाची फट पंधरा शतांश मिलिमीटरहून जास्त असता कामा नये. म्हणून पंधरा शतांशाचं पातं घ्यायचं आणि चारी बाजूंनी फटीत घालून बघायचं. गेलं नाही, तर पास. शिरलं, तर नापास. पोरांना शिकवताना ती म्हणते, पातं ढकलायचं नाही. फटीला विचारायचं, येऊ का? ती नाही म्हणाली की मुकाट्याने पुढची बाजू.

गुरुवारी बारा, शुक्रवारी दहा. बावीसही फटी नाही म्हणाल्या. तिने बावीस ओळींवर एकटीने सही केली. साइटची मॅनेजर इशबेल, पन्नाशीची, सतत घाईत असलेली बाई. कागद हातात घेताना तिने सहा आठवड्यांत पहिल्यांदाच काहीतरी वेळेवर झालं असं म्हटलं आणि कपाटातून शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा काढून सुलक्षणाला दिला.

शनिवारी जेवणं झाल्यावर सुलक्षणा हत्यारं साफ करायला बसली. खिडकीतून ऊन आलं होतं, ऑक्टोबरात एडिनबराला येतं तसं, तिरकं आणि थोडाच वेळ. पंखा उघडून तिने एक पातं उन्हात धरलं आणि ते उलटं केलं.

पात्याच्या पाठीवर टोकाला नखाएवढा तपकिरी डाग होता.

तिने नखाने खरवडला. निघाला नाही. बोट ओलं करून घासलं, तेव्हा बोटाला लाल लागलं.

कसं झालं ते तिला तिथल्या तिथे दिसलं. कुंकू ओलं असताना पंखा मिटला. वरच्या पात्याचं कुंकू खालच्या पात्याच्या पाठीवर उमटलं आणि तिथेच वाळलं. तिने पुसली फक्त पुढची बाजू. मायक्रोमीटर घेऊन तिने पातं डागावर मोजलं. पंधरा यायला हवं होतं, एकोणीस आलं. पुन्हा मोजलं. एकोणीस.

म्हणजे दोन दिवस ती बावीस फटींना पंधराच्या पात्याने नाही, एकोणीसच्या पात्याने विचारत होती. सोळा, सतरा, अठराची एखादी फट असेल, तर तिनेही नाहीच म्हटलं असणार. आणि त्या कागदावर सही तिची, एकटीची. सोमवारी सकाळी सहाला तिथल्या हवेत दारूची वाफ येणार.

परीक्षित लॅपटॉपवर क्रिकेट बघत होता. तिने त्याला पातं दाखवलं, आकडा सांगितला. त्याने सामना थांबवला, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग तो त्याच्या ऑफिसातल्यासारखा बोलायला लागला. फट जास्त असायची शक्यता किती, असेल तर आत वायू शिरायची किती, नेमकी तेव्हाच ठिणगी पडायची किती. तिन्ही लहान आकडे, आणि त्यांचा गुणाकार केला की शून्याच्या जवळ. सहा महिन्यांनी पुढची तपासणी आहेच, तेव्हा जातीने नीट बघ. आत्ता सांगितलंस तर दोन महिन्यांपूर्वी मिळालेला अधिकार जाईल, आणि नऊ वर्षं पुन्हा कोण थांबणार?

“तुझा गुणाकार बरोबर आहे,” सुलक्षणा म्हणाली. “पण त्यातला पहिला आकडा माझा आहे, आणि तो खोटा आहे.”

“खोटा नाही. थोडासा चुकलेला.”

“चार शतांश चुकलेला. माझं सगळं काम पंधरा शतांशाचं असतं, परीक्षित.”

फ्लॅट दोन खोल्यांचा. प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरात होत्या आणि त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्या हात पुसत बाहेर आल्या. सुलक्षणाने मनाशी ठरवलं होतं की त्यांना काही कळू द्यायचं नाही. आता त्याचा उपयोग नव्हता, म्हणून तिने पातं त्यांच्याच हातात दिलं आणि सरळ सांगितलं.

त्यांनी चष्मा वर सरकवून डाग पाहिला. बराच वेळ पाहिला.

“आमच्याकडे कापडाच्या कात्रीने कुणी कागद कापला, तर मी वर्गाबाहेर काढायचे,” त्या म्हणाल्या. “आणि मी हे केलं.”

“तुम्ही पूजा केलीत, आई. मोजायच्या आधी गेज मोजायचं असतं, रोज, दोन मिनिटांचं काम. पोरांना मी ओरडून सांगते. गेज नुकतंच लॅबमधून तपासून आलं होतं, सर्टिफिकेट कोरं करकरीत, म्हणून मी ते केलं नाही. चूक ती आहे.”

प्रमोदिनीबाईंनी पातं परत दिलं आणि मुलाकडे वळल्या. “माझ्या हातून गिऱ्हाईकाचं कापड एकदा वाकडं कापलं गेलं होतं. साडेचार मीटर रेशीम. मी शिवायला बसलेच नाही, आधी तिच्या घरी गेले. शिवून झाल्यावर सांगितलं असतं, तर ती फसवणूक झाली असती.” मग सुनेला म्हणाल्या, “फोन कर. मी चहा टाकते.”

डुगल शनिवारी त्याच्या भाजीच्या वाफ्यावर असतो. फोन उचलला तेव्हा मागे फावड्याचा आवाज येत होता. सुलक्षणाने प्रस्तावना केली नाही, सॉरीने सुरुवात केली नाही, जे झालं ते झालं त्या क्रमाने सांगितलं. फावड्याचा आवाज थांबला. डुगलने तीन प्रश्न विचारले. कुठलं पातं, किती जाड, आणि किती कॅमेरे. मग त्याने फावडं जमिनीत रोवल्याचा आवाज आला. तेवढ्यात तिच्या मनात नऊ वर्षांतल्या सगळ्या दुसऱ्या सह्या येऊन गेल्या.

“साइटला मी फोन करू की तू करतेस?” त्याने विचारलं.

“सही माझी आहे.”

“मग तू कर. उद्या माझं गेज घेऊन जा, सकाळी दारात ठेवतो. आणि सुलक्षणा, हे काम सरळ होईपर्यंत एकटीची सही बंद. कुणाचीही असती तरी केली असती.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. हो, तिला माहीत होतं. तरीही ते ऐकताना तिने फोन जरा कानापासून लांब धरला.

इशबेलने मात्र इतक्या शांतपणे घेतलं नाही. सोमवारी चाळीस माणसं येणार होती, तीन टँकर ठरले होते, आणि आता शनिवारी संध्याकाळी इन्स्पेक्टरबाई सांगतात की कागद फाडा. कारण काय, तर लाल ठिपका. सुलक्षणाने तिला पुरतं बोलू दिलं. मग तिला काय हवं ते सांगितलं. लिफ्ट, ती चालवायला परवाना असलेलं एक माणूस, आणि सहा तास. इशबेल म्हणाली की रविवारी असं माणूस फक्त एक मिळेल, ते म्हणजे ती स्वतः, आणि ती चिडलेली असेल.

“चालेल,” सुलक्षणा म्हणाली. “लिफ्ट सावकाश चालवा म्हणजे झालं.”

रविवारी सकाळी आठला दोघी त्या रिकाम्या, थंड इमारतीत उभ्या होत्या. तांब्याच्या भट्ट्या उंच मानेच्या सुरयांसारख्या रांगेत. सुलक्षणाने डुगलचं गेज काढलं, मायक्रोमीटर काढला आणि पंधराचं पातं इशबेलच्या डोळ्यांसमोर मोजलं. दोन्ही बाजूंनी. पंधरा. इशबेलने वाकून आकडा वाचला.

मग वर. पहिला कॅमेरा, चारी बाजू, नाही. दुसरा, नाही. इशबेल रागातच लिफ्ट चालवत होती. पाचव्या कॅमेऱ्यापाशी तिने नाइलाजाने विचारलं की हे डबे हवाबंद असतात, तर फटीचं एवढं काय? सुलक्षणाने हात न थांबवता सांगितलं. वायू, भडका, गार होऊन बाहेर येणं. इशबेलने कठड्यावर हात टेकले. मागच्या हिवाळ्यात पाणी गळतं म्हणून एकाने यातल्या तीन डब्यांना सिलिकॉन लावायची परवानगी मागितली होती, आणि ती देणार होती. वेळ झाला नाही म्हणून राहिलं.

“मग वेळ झाला नाही ते बरंच झालं,” सुलक्षणा म्हणाली.

इशबेल हसली. हसायचं नव्हतं, पण हसली.

सातवा कॅमेरा पिंपं भरायच्या हॉलमध्ये, नळांच्या थेट वर. सगळ्यांत जास्त वाफ असते ती जागा. सुलक्षणाने डावी बाजू विचारली, नाही. वरची, नाही. उजवी, नाही. खालच्या बाजूला तिने पातं टेकवलं, आणि ते आत गेलं. ढकलावं लागलं नाही. लोण्यात सुरी जावी तसं गेलं.

दोघी त्या अर्ध्या आत शिरलेल्या पात्याकडे बघत राहिल्या. इशबेलने रेडिओ हातात घेतला, पण रविवार होता, पलीकडे कुणी नव्हतं. तिने तो पुन्हा कमरेला लावला.

त्याच हॉलमधल्या आठव्यातही पातं गेलं. त्यांच्या झाकणांना कधीतरी कुणी पाना घालून उचकटलं होतं, कड किंचित वाकली होती. पुढे एकोणिसावा, भट्टीच्या खोलीतला. बाकीचे एकोणीस पक्के निघाले. अडीच वाजता दोघी खाली उतरल्या तेव्हा इशबेलचा राग गेला नव्हता, पण त्याने जागा बदलली होती.

तिने भराभर हिशेब केला, मोठ्याने. तिन्ही कॅमेऱ्यांची वीज तोडायची. भट्टीच्या खोलीत एकोणिसाव्याच्या जागी एक माणूस पाळीपाळीने उभा ठेवता येईल, नियम तेवढं चालवून घेतो. भरायच्या हॉलमध्ये माणूस उभा करणार नाही, हॉलच बंद. भट्टी सहाला पेटेल, पिंपं भरणं नवी झाकणं येईपर्यंत थांबेल. एक टँकर परत.

“तुमच्या फर्मला मी पत्र लिहिणार आहे,” ती म्हणाली. “ते वाचायला तुम्हाला आवडणार नाही.”

“लिहा,” सुलक्षणा म्हणाली. “लिहायलाच हवं.”

संध्याकाळी डुगलने रिपोर्टचा मसुदा पाठवला. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, उपकरणावर बाह्य पदार्थ. त्याने ते चांगल्या मनाने लिहिलं होतं, तिच्या घरातली गोष्ट घरात राहावी म्हणून. सुलक्षणाने ते खोडलं. उद्या दुसऱ्या कुणाच्या गेजवर दुसरं काही लागलं, तर त्याने यातून शिकायला नको का? तिने लिहिलं: हत्यारांच्या वार्षिक पूजेत लावलेलं कुंकू, पात्याच्या पाठीवर वाळलेलं. पुसताना एकच बाजू पुसली. कामाआधी गेज मोजलं नाही. सु. आंब्रे.

डुगलचा फोन आला. सुरक्षा खात्यामार्फत हे लंडनपर्यंत जाईल, लोक वाचतील, कुणी हसेलही, त्याची तयारी आहे का?

“हसू देत. पण मग आपापली पाती उलटी करून बघतील की नाही?”

 डुगल म्हणाला की त्याने स्वतः आत्ताच उलटी करून पाहिली.

इशबेलचं पत्र सोमवारी आलं. पहिला परिच्छेद कडक होता आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. दुसऱ्या परिच्छेदात मागणी होती. यापुढे या साइटवर येणाऱ्या प्रत्येक इन्स्पेक्टरने कामाआधी साइटच्या माणसासमोर गेज मोजावं आणि आकडा कागदावर लिहावा. डुगलने ते फक्त त्या साइटपुरतं ठेवलं नाही. फर्मच्या सगळ्या फॉर्मवर सर्वांत वर एक नवा रकाना आला. एकटीची सही जानेवारीपर्यंत थांबवायची, असंही त्याने लेखी कळवलं. परीक्षितने ते वाचलं आणि जानेवारी म्हणजे तीन महिने, नऊ वर्षं नव्हे, असं हळूच म्हणाला. तिने मान डोलावली. प्रमोदिनीबाईंनी फॉर्म बघायला मागितला आणि नवा रकाना बोटाने दाखवत, हे आयटीआयमध्येही चालेल, असं ठरवून टाकलं.

मंगळवारी दुपारी झाकणं आली. डुगल स्वतः गाडी घेऊन आला. गुडघे दुखतात म्हणून तो हल्ली वर चढत नाही, पण त्या दिवशी चढला. इशबेल खाली उभी. सुलक्षणाने नवं झाकण बसवलं, बोल्ट एकेक करून ठरल्या जोराने आवळले. मग पंधराचं पातं मायक्रोमीटरमध्ये धरलं, आणि आकडा खालपर्यंत जाईल अशा आवाजात वाचला. डुगलने लिहून घेतला.

“डावी?” तो म्हणाला.

“नाही.”

“वर?”

“नाही.”

“उजवी?”

“नाही.”

तिने पातं खालच्या कडेला टेकवलं. कणभर थांबली, मुद्दाम नाही, हात तिथे आपोआप थांबला. मग विचारलं.

“नाही,” ती म्हणाली.

सातव्या ओळीवर तिने सही केली आणि पेन डुगलकडे दिलं. त्याने तिच्या सहीखाली आपली सही केली, नऊ वर्षं करत होता तशीच, आणि आठव्याकडे जायला लिफ्ट वळवायची खूण केली. खालून इशबेलने विचारलं की अजून किती वेळ, माणसं गेटवर थांबली आहेत.

“दोन राहिलेत,” सुलक्षणा वरून म्हणाली. “थांबू द्या त्यांना.”